वजन घटविण्याची शस्त्रक्रिया : पूर्वतयारी आणि नंतरचा सांभाळ

स्थूलतेवरील शस्त्रक्रियेची चौकशी करणाऱ्या कुटुंबांचा पहिला प्रश्न बहुधा शस्त्रक्रियेस किती तास लागतात आणि खर्च किती येतो, हा असतो. शस्त्रक्रियेच्या आधी किती आठवडे तयारी करावी लागते आणि नंतर किती वर्षे तपासणीस यावे लागते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. वास्तविक या उपचाराचे यशापयश बव्हंशी या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. शस्त्रक्रिया एक-दोन तासांत पूर्ण होते. तिचा सांभाळ मात्र जन्मभर करावा लागतो. रुग्ण, त्यांचे कुटुंबीय आणि या कार्यास हातभार लावणारे दाते या सर्वांना ही गोष्ट नीट उमजावी, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

स्थूलता : दोष नव्हे, आजार

अतिस्थूल व्यक्तीकडे आळशी किंवा खादाड म्हणून पाहण्याची सवय आपल्या समाजात अद्याप गेलेली नाही. वैद्यकशास्त्राचे मत निराळे आहे. आहार कमी करून वजन उतरविले की शरीर त्यास उपासमार समजते. भूक चाळविणारी संप्रेरके, म्हणजेच हार्मोन्स, वाढतात. तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके घटतात आणि विश्रांतीच्या अवस्थेत खर्च होणारे उष्मांकही कमी होतात. परिणामी प्रयत्नपूर्वक उतरविलेले वजन काही वर्षांत परत येते. यात मनोनिग्रहाच्या उणिवेपेक्षा शरीरधर्माचा भाग मोठा असतो.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छायाचित्रासह प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा देहभार निर्देशांक, म्हणजेच बॉडी मास इंडेक्स, दोघांचाही २२.३ इतकाच होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण डॉ. युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के आढळले. दिसण्यात सडपातळ असलेल्या भारतीय देहातही चरबी अधिक असू शकते. म्हणूनच आपल्याकडे मधुमेह आणि हृदयविकार तुलनेने कमी वजनावर आणि लहान वयात गाठतात.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

वजन किलोग्रॅममध्ये घेऊन त्यास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता देहभार निर्देशांक मिळतो. उदाहरणार्थ, १६० सेंटिमीटर उंचीच्या आणि १०० किलो वजनाच्या स्त्रीचा निर्देशांक सुमारे ३९ येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये ठरविलेल्या निकषांनुसार निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा ३५ पेक्षा अधिक असून सोबत गंभीर आजार असल्यास शस्त्रक्रियेचा विचार होत असे. २०२२ मध्ये या विषयातील दोन प्रमुख आंतरराष्ट्रीय संघटनांनी हे निकष सुधारले. आता सहव्याधी नसतानाही ३५ च्या पुढे शस्त्रक्रियेची शिफारस केली जाते आणि मधुमेहासारखा चयापचयाचा विकार असल्यास ३० ते ३५ या मर्यादेतही तिचा विचार होतो. आशियाई व्यक्तींच्या बाबतीत २७.५ पासूनच ती देऊ करता येईल, असेही या संघटनांनी नमूद केले आहे.

याचा अर्थ निर्देशांक जुळला की शस्त्रक्रिया करावी, असा नव्हे. थायरॉइडचा किंवा अन्य ग्रंथींचा विकार, वजन वाढविणारी औषधे, अनियंत्रित मानसिक आजार, मद्याचे व्यसन यांचा विचार आधी करावा लागतो. वजन उतरविणारी टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात स्थूलतेसाठी उपलब्ध झाली असून काही रुग्णांना त्यांचा चांगला उपयोग होतो. परंतु ती थांबविल्यावर उतरलेल्या वजनापैकी बराच भाग परत येतो. म्हणजे औषधाचा मार्ग घेतला तरी दीर्घकाळच्या सांभाळातून सुटका नाही. कोणता मार्ग घ्यावा, हा निर्णय शल्यचिकित्सक, मधुमेहतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि रुग्ण यांनी एकत्र बसून घ्यावयाचा असतो.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते?

चरबी काढून टाकण्याची, म्हणजे लायपोसक्शनची, शस्त्रक्रिया ती हीच, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. या शस्त्रक्रियेत चरबीस हातही लावला जात नाही. बदल होतो तो जठरात आणि आतड्यात. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ या प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकला जातो आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक राहते. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकास सुमारे ३० मिलिलीटरची लहानशी पिशवी तयार करून ती लहान आतड्याच्या पुढील भागाशी जोडली जाते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. एडवर्ड मेसन यांनी बायपासची शस्त्रक्रिया प्रथम १९६६ मध्ये केली. आज दोन्ही शस्त्रक्रिया बहुधा पोटावर चार-पाच छोटी छिद्रे घेऊन दुर्बिणीद्वारे केल्या जातात.

जठर लहान झाल्याने माणूस कमी जेवतो, हे खरे. परंतु ते अपुरे स्पष्टीकरण आहे. भूक जागविणारे ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक मुख्यत्वे जठराच्या वरच्या भागात तयार होते आणि स्लीव्हमध्ये तोच भाग निघून जातो. दोन्ही शस्त्रक्रियांनंतर अन्न आतड्यात लवकर पोहोचते व तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात. त्यामुळेच अनेक मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा वजन फारसे उतरण्याआधी, काही दिवसांतच, खाली येऊ लागते.

पूर्वतयारी

तयारीचा आरंभ तपासण्यांपासून होतो. रक्तातील साखर व तिची तीन महिन्यांची सरासरी, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व, पोटाची सोनोग्राफी, हृदयाची तपासणी आणि आवश्यकतेनुसार जठराची एन्डोस्कोपी केली जाते. आपल्याकडील शाकाहारी रुग्णांत बी-१२ ची कमतरता मुळातच पुष्कळ आढळते. ही उणीव शस्त्रक्रियेपूर्वीच भरून काढणे इष्ट असते.

रात्री मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडकून दचकून जागे होणे आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे, ही झोपेत श्वास थांबण्याच्या विकाराची लक्षणे होत. रुग्णास स्वतःला ती कळत नाहीत; घरच्यांना कळतात. ती डॉक्टरांना अवश्य सांगावीत. कारण हा विकार ठाऊक नसताना भूल देणे धोक्याचे असते. ठाऊक असल्यास झोपताना लावावयाच्या सीपॅप यंत्राची सवय आधीच लावून घेता येते.

तंबाखू कोणत्याही रूपात चालत नाही. विडी-सिगारेटच नव्हे, तर गुटखा, मळलेला तंबाखू आणि मशेरीही किमान सहा आठवडे आधी सोडावी आणि पुन्हा हाती धरू नये. तंबाखूमुळे टाके भरण्यास विलंब होतो, फुप्फुसांचे त्रास उद्भवतात आणि बायपासनंतर जोडणीच्या जागी व्रण होण्याचा धोका वाढतो. दात घासण्याच्या निमित्ताने मशेरी लावणाऱ्या अनेक भगिनी तिला व्यसन समजत नाहीत. म्हणून हा उल्लेख मुद्दाम केला आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे सुमारे ८०० ते १२०० उष्मांकांचा, प्रथिनयुक्त आणि कमी पिष्टमय आहार दिला जातो. स्थूल व्यक्तींचे यकृत मेदाने फुगलेले असते व त्याचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. या आहाराने यकृत आकुंचन पावते आणि शल्यचिकित्सकास जठर स्पष्ट दिसते. ‘आता पुन्हा खायला मिळणार नाही’ या भावनेने याच दिवसांत मेजवान्या झोडल्या जातात. त्या शस्त्रक्रिया अवघड करतात, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावे.

सर्व औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गटातील मधुमेहाच्या गोळ्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात. वजनाची इंजेक्शने चालू असल्यास जठर रिकामे होण्यास वेळ लागतो. म्हणून भूलतज्ज्ञांना ते सांगणे अगत्याचे आहे. काढे, चूर्णे आणि दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्याही या यादीत याव्यात.

रुग्णालयातील दिवस

शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच रुग्णास आधार देऊन चालविले जाते. पायातील शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ नये, यासाठी चालणे आणि रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने ही दोन्ही आवश्यक असतात. दीर्घ श्वसनाचा व्यायाम दिवसातून अनेकदा करावयाचा असतो. ‘आजच पोट फाडले आहे, आज तरी पडू द्या’ असा आग्रह प्रेमापोटी होत असला, तरी तो रुग्णाच्या हिताचा नसतो. सर्व सुरळीत असल्यास रुग्ण बहुधा दोन-तीन दिवसांत घरी जातो.

ही शस्त्रक्रिया निर्धोक आहे, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत ४,७७६ रुग्णांची नोंद होती. तीत बायपास आणि जठरपट्टीच्या शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ०.३ टक्के होते आणि ४.३ टक्के रुग्णांना एखादी गंभीर गुंतागुंत झाली होती. पित्ताशय काढण्यासारख्या नेहमीच्या शस्त्रक्रियांच्या पंक्तीत बसणारा हा धोका आहे. तो लहान असला तरी शून्य नाही. घरी गेल्यावर नाडीचा वेग मिनिटास १२० च्या वर जाणे, ताप, वाढती पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, धाप लागणे, पोटरीस सूज, काळी शौचास किंवा पाण्याचा घोटही न ठरणे यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालयात यावे. टाक्यातून गळती होत असल्यास पहिली खूण पुष्कळदा केवळ जलद नाडी हीच असते.

आहाराचे टप्पे

पहिले एक-दोन दिवस फक्त पाणी, पातळ ताक, भाजीचे गाळलेले सूप, वरणाचे वरचे पाणी. तेही एका वेळी दोन-तीन चमचे. पुढील साधारण दोन आठवडे साय काढलेले दूध, ताक, मुगाचे कढण आणि प्रथिनांची पावडर घातलेले पेय. त्यानंतरचे दोन आठवडे घोटलेले मऊ वरण, दही, कुस्करलेले पनीर, मऊ अंडे. मग मऊ खिचडी, उकडलेले मासे, मुगाचे धिरडे. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे घरचे अन्न, मात्र छोट्या वाटीत. टप्पा कधी बदलावा, हे आहारतज्ज्ञांनी ठरवावे, शेजाऱ्यांनी नव्हे.

नियम थोडे आहेत, पण ते कायमचे आहेत. घास लहान घ्यावा, तो पेजेसारखा होईपर्यंत चावावा आणि पोट भरल्याची पहिली जाणीव होताच थांबावे. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने प्यावे आणि दिवसभरात घोटाघोटाने दीड ते दोन लिटर पूर्ण करावे. ताटात प्रथिने आधी, भाजी नंतर आणि भात-भाकरी शेवटी. बायपासनंतर गोडधोड खाल्ल्यास घाम फुटणे, छातीत धडधड, पोटात मुरडा आणि जुलाब असा त्रास होऊ शकतो.

दररोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि कपभर दुधातही साधारण तेवढीच प्रथिने असतात. चार घासांत तृप्त होणाऱ्या शाकाहारी रुग्णास हा आकडा केवळ वरण आणि दूध यांवर गाठणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून आरंभीचे काही महिने प्रथिनांच्या पावडरीची जोड द्यावी लागते. प्रथिने कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि अशक्तपणा येतो.

या दृष्टीने आपल्या उपवासांचाही विचार करावा. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते व शेंगदाणे पहिल्या टप्प्यांत पचत नाहीत. पहिले काही महिने उपवास न करणे हेच सुरक्षित होय. पुढेही उपवास करावयाचा झाल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

जन्मभराची पथ्ये

जीवनसत्त्वांच्या गोळ्या हा या उपचाराचा अविभाज्य भाग आहे. ते ऐच्छिक टॉनिक नव्हे. रोज एक संपूर्ण मल्टिव्हिटॅमिन, विभागून १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, शक्यतो सायट्रेट स्वरूपातील, ड जीवनसत्त्व, लोह, ज्याची मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांना अधिक गरज असते, आणि बी-१२ रोज गोळीच्या किंवा महिन्यातून एकदा इंजेक्शनच्या रूपात, असा सर्वसाधारण क्रम असतो. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नये. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर असावे.

या गोळ्या बंद केल्याचे परिणाम लगेच दिसत नाहीत आणि हाच खरा धोका आहे. रुग्णास बरे वाटत असते, वजन उतरलेले असते, म्हणून गोळ्या सुटतात. दोन-तीन वर्षांनी रक्तक्षय, हातापायांना मुंग्या, हाडांची झीज या रूपाने त्याची किंमत मोजावी लागते. सतत उलट्या होत असल्यास तर बी-१ जीवनसत्त्व काही आठवड्यांतच संपून मेंदूस कायमची इजा होऊ शकते. म्हणून उलट्या अंगावर काढू नयेत.

तपासणीसाठी पहिल्या वर्षी साधारण पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, तर पुढे दरवर्षी यावे. मधुमेहाच्या रुग्णांची इन्शुलिनची मात्रा पहिल्या दिवसापासूनच कमी करावी लागते. जुनीच मात्रा चालू ठेवल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा संभव असल्याने बहुधा सहा महिने त्यासाठी गोळी दिली जाते. बायपास झालेल्या रुग्णांनी डोके-अंग दुखले म्हणून दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी व्रण होतात. मद्य तर या शस्त्रक्रियांनंतर, विशेषतः बायपासनंतर, अधिक वेगाने चढते आणि व्यसन जडण्याचा धोका वाढतो. तरुण स्त्रियांनी १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. वजन उतरल्यावर पाळी नियमित होऊन गर्भधारणेची शक्यता वाढते, हे दांपत्याने आधीच जाणून घ्यावे.

किती अपेक्षा ठेवावी?

साधारण वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाच्या २५ ते ३० टक्के वजन उतरते. वर उल्लेखिलेली १०० किलोंची स्त्री ७० ते ७५ किलोंवर येते. कोष्टकाप्रमाणे तिचे वजन तेव्हाही अधिकच ठरेल. परंतु ती जिना चढू शकते, जमिनीवर मांडी घालून बसू शकते, रात्री शांत झोपू शकते. यशाचे माप हेच धरावे. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. ते बहुधा पुन्हा येतात. सैल पडलेली त्वचा मात्र आपोआप आवळत नाही. काही वर्षांनी थोडे वजन परत येणे हेही स्वाभाविक आहे.

मधुमेहाबाबतही संयमित अपेक्षा हवी. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिक येथील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षांनंतर साखरेची सरासरी ६ टक्के किंवा त्याहून कमी राखणाऱ्यांचे प्रमाण केवळ औषधांवर असलेल्यांत ५ टक्के, स्लीव्ह झालेल्यांत २३ टक्के आणि बायपास झालेल्यांत २९ टक्के होते. फरक मोठा आहे. पण प्रत्येकाचा मधुमेह नाहीसा होतो, असा त्याचा अर्थ नाही. दीर्घकालीन लाभाचा भक्कम पुरावा स्वीडनमधून मिळाला. तेथे ४,०४७ स्थूल व्यक्तींची सरासरी सुमारे ११ वर्षे पाहणी झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या काळात शस्त्रक्रिया झालेल्या गटात १०१, तर न झालेल्या जवळपास तेवढ्याच संख्येच्या गटात १२९ मृत्यू झाले.

कुटुंबीयांस

पंगतीत आग्रह करणे ही आपली रीत आहे. परंतु या रुग्णास ‘एक तरी पुरणपोळी घे’ म्हणणे ही माया नव्हे. त्याचबरोबर ‘एवढा खर्च केला, तरी वजन उतरत नाही’ असे टोमणेही टाळावेत. खाण्यातून मिळणारा दिलासा अचानक हिरावला गेल्याने काही रुग्ण उदास होतात. अबोलपणा, निराशेचे बोलणे किंवा मद्याकडे ओढ दिसल्यास ते दडवू नये. मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला त्वरित घ्यावा. घरातील सर्वांनीच ताटात डाळ-भाजी वाढविली आणि संध्याकाळी सोबत चालावयास निघाले, तर रुग्णाचे पथ्य हे एकट्याचे पथ्य राहत नाही.

दाते आणि विश्वस्तांस

खर्चाचा विचार करता शस्त्रक्रियेच्या दिवसासाठी आज काही वाटा उपलब्ध आहेत. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरविलेल्या नियमांनुसार निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून अनियंत्रित मधुमेह, हृदयधमन्यांचा विकार किंवा झोपेतील श्वासविकार गंभीर स्वरूपात असल्यास, पॉलिसीच्या अटींच्या अधीन राहून विम्याचा लाभ मिळू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीने राखीव असतात.

परंतु खाट ही रुग्ण दाखल असेपर्यंतच असते आणि बहुतेक पॉलिसींत घरी गेल्यानंतरचा खर्च ठरावीक दिवसांपुरताच मिळतो. त्यानंतरच्या गोळ्या, प्रथिनांची पावडर, वार्षिक रक्ततपासण्या आणि बाहेरगावाहून येण्याचे भाडे हे सर्व रुग्णाच्या खिशातून जाते. रोजंदारीवरील कुटुंबात सर्वप्रथम काटछाट होते ती याच खर्चात. पोट दुखत नाही, वजन उतरले आहे, मग गोळ्या कशाला, असा हिशेब मांडला जातो. अशा वेळी दात्याच्या औदार्याने झालेली शस्त्रक्रिया काही वर्षांनी रुग्णास नवा आजार देऊन जाण्याचा संभव असतो. ज्या रुग्णास पुढील सांभाळ परवडणार नाही आणि तो मिळण्याची व्यवस्थाही नाही, त्याच्यावर मोफत शस्त्रक्रिया करणे हा अपुरा उपकार होय.

म्हणून एक नम्र सूचना. या शस्त्रक्रियेसाठी देणगी देताना केवळ एका शस्त्रक्रियेची रक्कम न धरता ‘शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची किमान पाच वर्षे’ असा हिशेब धरावा. आहारतज्ज्ञाचे मानधन, जीवनसत्त्वांचा साठा, तपासणीस न आलेल्या रुग्णास फोन करणारा एक समाजसेवक यांची छायाचित्रे अहवालात शोभून दिसत नाहीत. त्यांच्या नावाचा संगमरवरी फलकही लागत नाही. तरीही शस्त्रक्रियागृहात कमावलेले आरोग्य पाच वर्षांनंतर टिकून राहिले असेल, तर ते यांच्याच बळावर. विश्वस्तांनीही अशा शस्त्रक्रियांचे मूल्यमापन करताना वर्षभरात किती झाल्या याबरोबरच जुन्या रुग्णांपैकी कितीजण यंदा तपासणीस आले, ही संख्या आवर्जून विचारावी. रुग्णाच्या कल्याणाचा खरा ताळेबंद त्या दुसऱ्या आकड्यात असतो.